वाचकांचे प्रश्न : शाळेवर दुःख कोसळते तेव्हा

कॅथलिक शाळांतील शिक्षक, पालक आणि विद्यार्थी यांच्याकडून अलीकडे आलेल्या पत्रांना या वेळचे सदर दिले आहे. पत्रलेखकांची नावे आणि शाळेची ओळख पटेल असे तपशील वगळले असून लांबलेली पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

फादर, मी एका कॅथलिक शाळेची मुख्याध्यापिका आहे. सहावीतला एक विद्यार्थी अल्पशा आजाराने वारला. दुसऱ्या दिवशी परिपाठात आमच्या एका सहकाऱ्यांनी, “देवाला तो फार आवडला, म्हणून देवाने त्याला आपल्याकडे बोलावून घेतले,” असे सांगितले. मधल्या सुटीत त्याच्याच वर्गातील एका मुलीने वर्गशिक्षिकेला विचारले, “मी चांगली वागले तर देव मलाही नेईल का?” तेव्हापासून परिपाठात काय बोलावे हेच आम्हाला सुचेनासे झाले आहे. अशा काळात प्रार्थना घ्याव्यात की काही न बोलता अभ्यासाला लागावे?

त्या मुलीचा तर्क अगदी बिनचूक आहे. मोठ्यांनी सांत्वनासाठी उच्चारलेले वाक्य तिने गांभीर्याने घेतले आणि त्यातून जो देव तिच्यासमोर उभा राहिला त्याची तिला भीती वाटली. असा देव आपल्या श्रद्धेतला नव्हेच. कॅथलिक बायबलमधील ज्ञानग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात, देवाने मृत्यू निर्माण केला नाही आणि जिवंतांच्या नाशात त्याला आनंद नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणून सर्वांत आधी त्या मुलीला, आणि तिच्यासारखाच विचार करून गप्प बसलेल्या इतरांना, साधे आणि खरे उत्तर द्यायला हवे : तो आजारी होता, डॉक्टरांनी प्रयत्न केले, तरी तो वाचू शकला नाही, देवाने त्याला आजारी पाडले नाही, तो देवाच्या हाती सुखरूप आहे असा आपला विश्वास आहे, आणि तरीही आपल्याला त्याची आठवण येणार आणि रडू येणार. “मरण पावला” हा शब्द टाळू नये. “झोपला”, “लांब गेला” असे म्हटले की लहान मुले त्याचा शब्दशः अर्थ घेतात आणि मग रात्री झोपायलाच घाबरतात.

प्रार्थना घ्यावी की नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. घ्यावी. मात्र कोणती, हे विचारपूर्वक ठरवावे. संकटकाळी आपल्या शाळांत बहुधा आनंदाची आणि आभाराची गाणीच निवडली जातात, कारण दुःखाने भरलेली प्रार्थना म्हणजे श्रद्धेचा अभाव, असा एक समज आपल्यात रुजलेला आहे. स्तोत्रसंहिता उघडून पाहिली तर तो समज टिकत नाही. तेरावे स्तोत्र “हे परमेश्वरा, किती काळ?” या प्रश्नानेच सुरू होते. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. त्याच्या शेवटी आशेची एक ओळही नाही, आणि तरीही ख्रिस्तसभेने (म्हणजे चर्चने) ते आपल्या दैनंदिन प्रार्थनेत ठेवले आहे. क्रुसावर येशूने उच्चारलेले “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?” हे शब्द बाविसाव्या स्तोत्राचेच आहेत. योहानाच्या शुभवर्तमानात, मरण पावलेल्या आपल्या मित्राला, लाजरसला, आपण उठवणार आहोत हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरीपाशी रडला. ज्या मुलाने हा प्रसंग ऐकला आहे, त्याला आपले रडणे देवाला आवडणार नाही असे वाटण्याचे कारण उरत नाही. पाच-सहा दिवस परिपाठात तेरावे स्तोत्र सावकाश वाचावे, मुलाचे नाव घ्यावे, मिनिटभर शांत राहावे आणि थांबावे. त्यावर प्रवचन नको. बायबलमध्ये, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने जमिनीवर बसले होते तोवर सारे ठीक होते. त्याच्या दुःखाचे कारण समजावून सांगायला त्यांनी तोंड उघडले आणि अखेरीस देवाचा रोष ओढवून घेतला.

मुलांना अशा वेळी मित्रासाठी काहीतरी करायचे असते आणि ते करता येत नाही म्हणून ती आतल्या आत घुसमटतात. इथे कॅथलिक परंपरेपाशी एक मोठी ठेव आहे. मृतांसाठी आपण प्रार्थना करतो, कारण मृत्यूमुळे आपले एकमेकांशी असलेले नाते तुटत नाही अशी आपली श्रद्धा आहे. संतांची सहभागिता आपण विश्वासांगिकारात, म्हणजे आपल्या श्रद्धेच्या कबुलीच्या प्रार्थनेत, म्हणतो तिचा अर्थच हा. म्हणून त्याच्या वर्गाला त्याच्यासाठी मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची सामुदायिक उपासना, आयोजित करू द्यावी, वाचने आणि विनंत्या मुलांनाच लिहू द्याव्यात, आणि विनंत्यांतील चुका सुधारण्याचा मोह शिक्षकांनी आवरावा. मिस्सेला येणे ऐच्छिक असावे. पुढे २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, त्याचे नाव पुन्हा घ्यावे, कारण तोपर्यंत बाकीच्या शाळेला विसर पडलेला असतो, पण त्याच्या बाकावरच्या सोबत्याला पडलेला नसतो.

आता एक अगदी कार्यालयीन वाटेल अशी गोष्ट, जिला मी प्रार्थनेइतकेच महत्त्व देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी घेताना त्याच्या क्रमांकावर बाई काय करणार, हे आदल्या संध्याकाळीच ठरले पाहिजे. तो क्रमांक सवयीने पुकारला गेला आणि वर्गात सन्नाटा पसरला, किंवा काहीच न सांगता तो गाळून पुढचा पुकारला गेला, तर या दोन्ही प्रसंगांची जखम वर्षानुवर्षे राहते. मला विचाराल तर बाईंनी त्याचे पूर्ण नाव घ्यावे, क्षणभर थांबावे, आजपासून आपण हा क्रमांक पुकारणार नाही असे वर्गाला सांगावे, आणि मगच पुढे जावे. त्याचबरोबर कार्यालयातील कोणीतरी संगणकातील त्याची नोंद त्याच दिवशी स्वतः तपासावी. गैरहजेरीचा, फी थकल्याचा किंवा परीक्षेच्या वेळापत्रकाचा आपोआप जाणारा संदेश त्या आईच्या फोनवर पोहोचला, तर आपण म्हटलेल्या सगळ्या प्रार्थना तिच्या लेखी खोट्या ठरतात.

काही मुलांची झोप, भूक किंवा बोलणे आठवड्यांनंतरही पूर्ववत होत नाही. त्यांना समुपदेशकाकडे पाठवावे, आणि पालकांना त्यात श्रद्धेची कमतरता वाटू लागली तर ती नाही हे धर्मगुरूंनी स्वतः सांगावे. तुमच्या त्या सहकाऱ्यांशीही एकदा शांतपणे बोला. त्यांचा हेतू चांगला होता, आणि परिपाठात उभे राहायला त्या दिवशी बहुधा दुसरे कोणी तयार नव्हते.

आम्ही ख्रिस्ती नाही. माझा मुलगा कॅथलिक शाळेत शिकतो आणि शाळा त्याला मनापासून आवडते. सध्या शाळेत आजारपण आणि मृत्यू यांमुळे वातावरण उदास असून रोज विशेष प्रार्थना होते. शाळेच्या दुःखात आम्हाला सहभागी व्हायचे आहे, पण त्या प्रार्थनेत मुलाने काय करावे हे कळत नाही. विचारले तर गैरसमज होईल का?

मुळीच होणार नाही. झालाच तर चूक शाळेची. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरातील कॅथलिक बिशपांच्या सभेने, ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याविषयीचे घोषणापत्र प्रसिद्ध केले आणि त्यात धर्माच्या बाबतीत कोणावरही सक्ती होता कामा नये, असा दंडक घातला. ख्रिस्तसभेच्या कायद्याचे ७४८ वे कलमही तेच सांगते. धर्मस्वातंत्र्याच्या घोषणापत्राच्या काही आठवडे आधी, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, याच परिषदेने शिक्षणाविषयी जे घोषणापत्र काढले, त्यात कॅथलिक नसलेल्या विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या कॅथलिक शाळांचा आदराने उल्लेख आहे. तेव्हा तुमचा मुलगा तिथे पाहुणा आहे असे समजू नका.

प्रार्थनेच्या वेळी त्याने आदराने उभे राहावे, एवढे पुरे. क्रुसाची खूण करणे, जपमाळ म्हणणे किंवा उत्तरे देणे त्याच्याकडून अपेक्षित नाही, आणि मिस्सेला तो उपस्थित राहिला तरी ख्रिस्तशरीर (मिस्सेत दिला जाणारा पवित्र प्रसाद) त्याने घ्यायचे नसते, हे आधी समजावून सांगितले की ऐनवेळी कोणी अवघडत नाही. मृतांसाठी मौन पाळले जाते त्या वेळी तो आपल्या घरी शिकलेली प्रार्थना मनात म्हणू शकतो. वर्गशिक्षकांना एक छोटी चिठ्ठी पाठवा आणि “आम्हीही या दुःखात आहोत, काही मदत लागली तर सांगा,” असे तीत जरूर लिहा.

माझी नोकरी गेल्यापासून मुलीची दोन सत्रांची फी थकली आहे. शाळा धर्मग्रामाचीच (स्थानिक चर्चचीच) असल्याने आमचे फादरच शाळेचे व्यवस्थापक आहेत. लाजेपोटी आम्ही रविवारच्या मिस्सेला जाणे बंद केले. मुलीचा पहिला ख्रिस्तप्रसाद, म्हणजे ख्रिस्तशरीर प्रथमच स्वीकारण्याचा संस्कार, याच वर्षी आहे. फी भरेपर्यंत तो पुढे ढकलावा असे पती म्हणतात.

पुढे ढकलू नका. शाळेची फी आणि मुलीचा संस्कार या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, आणि हे मी तुमची समजूत काढण्यासाठी म्हणत नाही. ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या ८४८ व्या कलमानुसार, संस्कार देणाऱ्याने अधिकृतपणे ठरलेल्या अर्पणापलीकडे काही मागू नये आणि गरिबीमुळे कोणीही संस्कारांच्या साहाय्यापासून वंचित राहणार नाही याची सदैव काळजी घ्यावी. ९१४ वे कलम मुलांच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी ही आईवडिलांची आणि धर्मगुरूंची जबाबदारी ठरवते. तुमची मुलगी तयार असेल तर थकलेल्या फीपायी तिला थांबवण्याचा अधिकार कोणालाच नाही. तो तुम्हालाही नाही, हे जरा स्पष्टच लिहितो. पांढरा पोशाख आणि मेजवानी ही संस्काराची अट नाही. पतींच्या मनात तो खर्च असेल तर तोही विचार सोडून द्यावा.

फीबद्दल लेखी अर्ज करा. व्यवस्थापक आणि धर्मगुरू एकच असल्याचा संकोच समजण्यासारखा आहे, म्हणून अर्ज मुख्याध्यापकांमार्फत द्या आणि त्यात तीन गोष्टी नेमक्या लिहा : उत्पन्न कधीपासून थांबले, सध्या दरमहा किती भरता येईल, आणि बाकीच्या रकमेबाबत सूट हवी की मुदत. अर्जात आर्जवे करू नका. शिक्षणाविषयीच्या ज्या घोषणापत्राचा वर उल्लेख आला, त्याने धनाने गरीब असलेल्यांची, कुटुंबाच्या मायेला पारखे झालेल्यांची आणि श्रद्धेपासून दूर असलेल्यांची विशेष काळजी घेण्यास कॅथलिक शाळांना सांगितले आहे. शिक्षकांचे आश्रयसंत म्हणून आपण ज्यांचे नाव घेतो, त्या संत जॉन बॅप्टिस्ट दे ला साल यांनी १६८४ च्या सुमारास फ्रान्समधील रँस शहरात दुष्काळ पडला तेव्हा आपली वडिलोपार्जित संपत्ती भुकेल्यांना अन्न देण्यात संपवली. त्यांच्या वारशाचा अभिमान मिरवणाऱ्यांनी फी थकलेल्या मुलांची नावे वर्गात वाचून दाखवू नयेत, एवढी अपेक्षा तरी रास्त आहे.

आणि येत्या रविवारी मिस्सेला जा. मागच्या बाकावर बसलात तरी चालेल.

आम्ही नववी-दहावीचे विद्यार्थी आहोत. शहरात साथ पसरली असून अनेक घरांत माणसे आजारी आहेत. फक्त प्रार्थना करत बसायचे नाही, काहीतरी करायचे आहे. काय करता येईल?

१८५४ मध्ये इटलीतील तुरीन शहरात पटकीची साथ आली तेव्हा संत जॉन बॉस्को यांच्या आश्रमातील मुलांनी आजाऱ्यांची शुश्रूषा करण्यासाठी आपली नावे दिली होती. ही गोष्ट तुम्हाला धर्मशिक्षणाच्या तासाला सांगितली गेली असेल. तिचे अनुकरण मात्र जशास तसे करू नका. आज कोणतीही जबाबदार शाळा मुलांना संसर्गाच्या खोलीत पाठवणार नाही आणि पाठवूही नये. तुम्हाला करता येण्यासारखे काम कमी आकर्षक आहे. आजारी पडलेल्या सोबत्याची वही रोजच्या रोज पूर्ण करून तिची छायाचित्रे पाठवणे, एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षकांना ठरलेल्या वेळी फोन करणे, खालच्या वर्गातील मुलांची गणिते सोडवून घेणे. प्रत्येक कामासमोर एका मुलाचे नाव लिहा, नाहीतर पहिल्या आठवड्याचा उत्साह दुसऱ्या आठवड्यात उरत नाही. आणि “फक्त प्रार्थना” हा शब्दप्रयोग सोडा. फोन करण्यापूर्वी त्या व्यक्तीसाठी अर्धा मिनिट प्रार्थना केलीत, तर फोनवरचे तुमचे बोलणेही बदललेले दिसेल.

आमच्या शाळेतील एका शिक्षकाच्या गैरवर्तनाची तक्रार एका मुलीने केली. पालक समितीत विषय निघाला तेव्हा, “आधीच शाळेचे दिवस वाईट आहेत, ख्रिस्तसभेची बदनामी होईल, आपण सगळे मिळून प्रार्थना करू,” असे सांगून तो थांबवण्यात आला. मी गप्प बसले. आता मला मिस्सेत मन लावता येत नाही. मी श्रद्धा गमावत आहे का?

नाही. तुमची सदसद्विवेकबुद्धी जागी आहे आणि ती तुम्हाला स्वस्थ बसू देत नाही, एवढेच मला तुमच्या पत्रातून दिसते. पण आज तुमच्या मनःशांतीपेक्षा ती मुलगी महत्त्वाची आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहितो. ही तक्रार तुमच्या देशाच्या कायद्याने नेमलेल्या यंत्रणेकडे, म्हणजे पोलिसांकडे किंवा बालसंरक्षण अधिकाऱ्यांकडे, तातडीने गेली पाहिजे. मुलीच्या पालकांना सोबत घेऊन जा. शाळेच्या संमतीची वाट पाहू नका. तक्रार खरी की खोटी हे ठरवणे पालक समितीचे काम नाही आणि तुमचेही नाही. मुलीला पुन्हा पुन्हा तीच हकीकत सांगायला लावू नका. तिने काय सांगितले ते तिच्याच शब्दांत, तारखेसह, लिहून ठेवा. चौकशी होईपर्यंत त्या शिक्षकाचा मुलांशी संबंध येणार नाही अशी व्यवस्था करण्याची मागणी शाळेकडे लेखी करा.

ख्रिस्तसभेच्या नावाने मौन पाळायला सांगणाऱ्यांना ख्रिस्तसभेचा कायदा ठाऊक नाही, असे म्हणण्याइतपत सौजन्य मी दाखवतो. पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये काढलेल्या आणि मार्च २०२३ मध्ये सुधारून कायम केलेल्या आज्ञापत्राने धर्मगुरू आणि व्रतस्थांवर अशा प्रकरणांची माहिती वरिष्ठांना विनाविलंब देण्याचे बंधन घातले, माहिती देणाऱ्याला त्रास देण्यास मनाई केली, आणि तक्रार करणाऱ्या किंवा पीडित व्यक्तीवर मौनाची अट लादता येणार नाही असे स्पष्ट केले. देशाच्या कायद्याने घातलेली बंधने त्यामुळे कमी होत नाहीत, हेही त्यात नमूद आहे. १७ डिसेंबर २०१९ रोजी अशा प्रकरणांवरील धर्मपीठीय गुप्ततेचे, म्हणजे व्हॅटिकनने घातलेल्या गोपनीयतेचे, बंधनही उठवण्यात आले. खुद्द धर्मगुरूंच्या बाबतीत जे झाकता येत नाही, ते एका शिक्षकाच्या बाबतीत झाकण्यासाठी श्रद्धेचा आडोसा घेणे कसे चालेल?

समितीत सुचवलेल्या प्रार्थनेला माझा विरोध नाही. ती तक्रार नोंदवून आल्यावर करावी. मिस्सेत मन लागत नसेल तर तिथे याच मुलीचे नाव मनात धरून बसा. आणि त्या बैठकीत तुमच्यासारखेच गप्प राहिलेले आणखी एखादे पालक असतील, त्यांना आजच फोन करा, म्हणजे पोलीस ठाण्यात तुम्ही आणि मुलीचे आईवडील एकटे पडणार नाही.

मी धर्मशिक्षण शिकवतो. वर्षभरात घरात दोन मृत्यू झाले. मुलांसमोर मी देवाच्या प्रेमाबद्दल बोलतो, पण आत काहीच जाणवत नाही. हे ढोंग आहे असे वाटते. मी हा विषय सोडावा का?

तुम्हाला जे जाणवत नाही त्यावरून निर्णय घेऊ नका. फ्रान्समधील लिझ्यूच्या मठवासिनी संत तेरेसा यांनी १८९६ च्या ईस्टरपासून ३० सप्टेंबर १८९७ रोजी मृत्यू येईपर्यंतचा काळ श्रद्धेच्या घोर अंधारात काढला; स्वर्ग आहे हा विचारही त्यांना तेव्हा दिलासा देत नव्हता. मदर तेरेसा यांची पत्रे त्यांच्या पश्चात उजेडात आली तेव्हा त्यांचा अंधार कितीतरी वर्षे टिकला होता हे जगाला कळले. दोघींनी आपले रोजचे काम आणि रोजची प्रार्थना सोडली नाही, आणि ख्रिस्तसभेने दोघींना संत म्हटले. आत कोरडे असताना प्रार्थनेचे शब्द उच्चारणे ढोंग ठरत नाही. जे वाटत नाही ते वाटते असे भासवणे हे ढोंग, आणि ते मात्र मुले पहिल्या पाच मिनिटांत ओळखतात.

म्हणून शिकवताना कर्ता बदलून पाहा. “मला देवाचे प्रेम सतत जाणवते,” असे म्हणू नका, “ख्रिस्तसभा असे मानते,” “पौल असे लिहितो,” असे म्हणा, आणि एखाद्या मोठ्या मुलाने “सर, तुम्हाला काय वाटते?” असे सरळ विचारलेच, तर “हे वर्ष मला जड गेले, तरी मी रोज प्रार्थना करतो,” इतके सांगून थांबा. घरातल्या मृत्यूंचा तपशील मुलांवर लादू नये. पण तुम्ही कधी डगमगत नाही असा आवही आणू नये. दे ला साल यांच्या शाळांत एक जुनी प्रथा आहे : आपण ईश्वराच्या पवित्र सान्निध्यात आहोत याचे स्मरण करण्याचे आवाहन कोणीतरी करते आणि सारे थोडा वेळ थांबतात. तासाची सुरुवात तशी केली तर पहिली काही मिनिटे तुम्हाला काहीही सिद्ध करावे लागत नाही.

तरीही, मिस्सेच्या वाटेवर पाय जड होतात, चिडचिड वर्गावर निघते, झोप उडाली आहे, असे काही असेल तर एक सत्र हा विषय सहकाऱ्याकडे सोपवा. मुख्याध्यापकांना “घरातील शोकामुळे” असे कारण दिले तर अधिक खुलासा करावा लागू नये. त्या सत्रात दुसरा कोणताही विषय शिकवा, डॉक्टरांना भेटा, आणि ज्यांच्याशी मोकळेपणाने बोलता येईल अशा एका धर्मगुरूंकडे महिन्यातून एकदा जा. ते तुमच्या शाळेशी संबंधित नसतील तर अधिक बरे.